व्ही-क्रॉसच्या टायरची नोंद : 21,400 किमी झाले

मागच्या वेळी टायर बसवल्यावर लिहिलं होतं, तेव्हा नुसतेच नवेकोरे टायर होते, सांगण्यासारखं काही नव्हतं. आता मीटर 68,350 वरून 89,750 वर आलाय, म्हणजे 21,400 किमी, त्यात हिमाचलातली एक अख्खी स्पीती ट्रिप, एकदा कच्छ, आणि बाकी आपलं कोल्हापूर-राधानगरी-दाजीपूर-आंबोली चालूच. म्हटलं आता आकडे टाकायला हरकत नाही.

ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडी 2018 ची इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप, 2.5 डिझेल, मागे पाट्यांचं सस्पेन्शन, वर कॅनोपी, कॅनोपीवर टेंट, आत ड्रॉवर, फ्रिज, 60 लिटर पाण्याची टाकी. कंपनीचा साईज 255/65 R17 (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, आणि रिम इंचात), एचटी म्हणजे हायवेचे टायर. त्याच टायरवर जून 2022 ला स्पीतीला गेलो आणि ग्राम्फूच्या पुढे छत्रू ते बातल या तीसेक किलोमीटरमध्ये एकाच दिवशी दोन टायर गेले. पहिला ट्रेडमधून, म्हणजे नक्षीच्या भागातून, तो स्ट्रिप मारून (भोकात रबराची पट्टी घालून) चालवला. दुसरा छोटा दऱ्याच्या पुढं एका नाल्यातून बाहेर पडताना, साईडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, तीन बोटं मावतील एवढा चिरा. स्टेपनी एकच. ती लावली आणि पुढं लोसरपर्यंत पहिल्या गिअरात, बायको खिडकीतून डोकं बाहेर काढून एकेक दगड बघतीय, असं गेलो. ती रात्र मी विसरणार नाही.

घरी आल्यावर डोक्यात एकच, की आता चांगले मोठे बटणाचे, म्हणजे जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर टाकायचे. पण महिनाभर वाचल्यावर आणि जाणत्या लोकांना विचारल्यावर लक्षात आलं की मी उलट्या टोकानं सुरुवात करत होतो. नक्षी शेवटी बघायची. पहिलं गाडीचं वजन, मग टायरचं अंग म्हणजे केसिंग आणि साईडवॉल, मग हवा, आणि मग नक्षी.

म्हणून पहिलं काम म्हणजे काटा. शिरोलीला एमआयडीसीकडं लोखंडाच्या गाड्या वजन करतात तिथं गेलो, ट्रिपला जाताना असते तशी पूर्ण भरलेली गाडी, टाकी फुल, पाणी फुल, आम्ही दोघं आत. काटेवाल्या काकांना म्हटलं, काका, आधी पूर्ण घ्या, मग नुसता पुढचा एक्सल घ्या, मग नुसता मागचा. ते म्हणाले, ट्रकवाले पण असं करत नाहीत, कशाला पाहिजे? सांगितलं तर त्यांनाच आवडलं, ते स्वतः बाहेर येऊन चाक प्लेटच्या कडेला बरोबर आलंय का बघायला लागले. पावती अजून ग्लोव्हबॉक्समध्ये आहे : पूर्ण 2,790, पुढं 1,220, मागं 1,560. दहा किलोचा फरक येतो तेवढा चालायचाच. आरसीवरच्या एकूण वजनाच्या आत होतो, पण थोडक्यातच.

हे 1,560 बघून मला खरा धक्का बसला. म्हणजे मागच्या एकेका टायरवर 780 किलो, पुढच्यावर 610. आणि मी चारीला सारखीच हवा मारत होतो, तीपण 40 पीएसआय, कोणीतरी सांगितलं होतं की वजन आहे तर हवा टाईट ठेव. डांबरावर मागच्यांना ती ठीकच होती, पण त्याच 40 वर दगडात गेलो तिथं घोळ झाला. टाईट टायर दगडावर दबत नाही, दगडच त्याच्यात घुसतो. आणि ओलं रबर कोरड्यापेक्षा फार पटकन कापतं, पाणी वंगणासारखं काम करतं, म्हणून नाल्यातून बाहेर येतानाच चिरा पडला. टायरला दोष देत नाही मी, तो हायवेचा टायर होता आणि त्यानं 41 हजार किमी इमानदारीत काढले होते.

आता लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन उचलतो त्याचा आकडा. 112 म्हणजे एका टायरला 1,120 किलो. माझ्या मागच्या चाकावर 780. म्हणजे नुसता वजनाचा हिशोब बघितला तर साधा 112 वाला एटी (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा दोन्हीसाठीचा टायर) पण पुरतो, आणि हे मी मुद्दाम सांगतोय कारण बरेच जण 'गाडी जड आहे म्हणून एलटीच (लाईट ट्रकसाठीचा टायर) पाहिजे' असं म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. एलटी घ्यायचा तो अंगासाठी, म्हणजे जाड केसिंग, जाड साईडवॉल, दिवसभर तापलं तरी टिकणारं बांधकाम. आणि त्याची किंमत मोजावी लागते. मी दुकानातच दोन्ही टायर वजनकाट्यावर ठेवले, जुना झिजलेला एचटी 15 किलो, नवा एलटी 22 च्या थोडा वर. एका चाकाला सात किलो, पाच चाकांना पस्तीस. ते वजन फिरतंय, त्यामुळं ब्रेकला, पिकअपला, पाट्यांना सगळीकडं जाणवतं. ज्याची गाडी रिकामी फिरते, वर्षातून एकदा गोवा आणि एकदा कास पठार, त्यानं एलटी घेऊ नये, साधा एसएल (स्टँडर्ड लोड) एटी घ्यावा. अपोलो, सिएट, एमआरएफ, योकोहामा, सगळ्यांचे एटी मिळतात आणि बऱ्याच साईजमध्ये मिळतात.

साईज मी 265/65 R17 केला. व्यास 763 मिमीवरून 776 होतो, 13 मिमी जास्त, पावणेदोन टक्के, म्हणजे मीटरवर 100 असताना गाडी 102 च्या जवळ. एवढ्यानं गिअरिंग बिघडत नाही, मडफ्लॅपला घासत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे हाच साईज बऱ्याच फॉर्च्युनरला येतो, त्यामुळं अडीअडचणीला मनालीत, लेहमध्ये, भुजमध्ये कुठंही त्या साईजचा टायर सापडायची शक्यता जास्त. माझ्यासाठी निम्मा निर्णय इथंच झाला. 265/70 चा मोह झाला होता, दिसायला एक नंबर, पण व्यास 803 होतो, गाडी फक्त 20 मिमी उचलली जाते आणि स्टिअरिंग फुल फिरवलं की आत घासायची भीती, शिवाय स्टेपनी खालच्या जागेत बसेना. नको म्हटलं. रिम मात्र बघा, 265 ला साडेसात इंचाची रिम लागते, माझ्या अलॉय आधीच बदललेल्या होत्या म्हणून जमलं.

घेतला तो बीएफगुडरिच केओ2, एलटी 265/65 R17, 120/117 एस, लोड रेंज ई. 120 म्हणजे 1,400 किलो, पण ते 80 पीएसआयला, हे विसरायचं नाही. एस म्हणजे 180 चा स्पीड, आपल्याला भरपूर. लोड रेंज ई म्हणजे लोक 'टेन प्लाय' म्हणतात तोच, पण आत दहा थर नसतात बरं का, ते नुसतं ताकदीचं जुनं माप आहे, खरे थर साईडवॉलवर बारीक अक्षरात लिहिलेले असतात, टॉर्च मारून वाचा. डोंगराच्या चित्रात बर्फाचं फूल असलेला, म्हणजे बर्फातली चाचणी पास झाल्याचा शिक्का पण आहे त्यावर.

मिळायला त्रास झाला. जून 2020 पासून बाहेरून येणाऱ्या नव्या टायरला लायसन्स लागतं, तेव्हापासून या साईजमध्ये माल कधी आहे कधी नाही. एका दुकानात पाच टायर लगेच तयार होते, भाव पण कमी सांगितला, म्हटलं आधी डॉट कोड (टायर कधी बनला ते सांगणारा साईडवॉलवरचा कोड) दाखवा. पाचातल्या तिघांवर शेवटचे चार आकडे 1420. म्हणजे 2020 चा चौदावा आठवडा, गोडाऊनमध्ये पडून राहिलेला जुना माल. सोडून आलो. दीड महिना थांबलो, दुसरीकडून पाचही एकाच वर्षातले मिळाले, पाचांचे मिळून सव्वा लाखाच्या आसपास गेले. पैसा मोठा आहे, मान्य, म्हणूनच घेताना चारवर थांबू नका. पाच घ्या. चार एटी आणि स्टेपनी जुनी एचटी, हे फोर बाय फोरला वाईट, व्यास वेगळा झाला आणि फोर व्हील लावली की ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो.

हवेचं आता सविस्तर सांगतो, कारण 21 हजार किमीमध्ये सगळ्यात जास्त हेच शिकलो.

एलटी टायर त्याच प्रेशरला साध्या टायरपेक्षा कमी वजन उचलतो. हे मला माहीतच नव्हतं. सुरुवातीला भरलेल्या गाडीला मागं 36 ठेवून कोल्हापूरहून साताऱ्याकडं निघालो, तासाभरानं उतरून गेज लावला तर 43. सात वाढली. म्हणजे टायर आत वाकतोय, तापतोय. तिथंच कॉम्प्रेसर काढला, थंड झाल्यावर 44 केली, परत तासभर चालवलं, 49. पाच वाढली. साधारण चार ते सहाच्या आत वाढ राहिली तर ठीक, हा ठोकताळा मी धरलाय, आणि तेव्हापासून भरलेल्या गाडीला डांबरावर पुढं 36, मागं 44. रिकामी असली की चारी 36. सकाळी थंड टायरवरच बघायची, आणि पंपावरच्या गेजवर विश्वास ठेवायचा नाही, स्वतःचा एक ठेवा.

कच्चा, दगडाचा रस्ता लागला की पुढं 26, मागं 32, आणि वेग 50 च्या वर न्यायचा नाही. हवा कमी केली की टायर लांबीला पसरतो, दगडावर अंग टाकतो, घुसू देत नाही. पण वेग कमी केला नाही तर हीच कमी हवा टायर जाळते. रेतीत 18 पर्यंत उतरलो होतो, तिथं गाडी बोटीसारखी तरंगते अक्षरशः, पण वळताना हळू, नाहीतर टायर रिमवरून सुटतो.

उंचीचा हिशोब पण यावेळी वहीत लिहून ठेवला. वर गेलं की बाहेरचा हवेचा दाब कमी होतो म्हणून गेज जास्त दाखवतो, आणि थंडी असली की आतली हवा आकसते म्हणून कमी दाखवतो. सखल भागात 35 अंशाला 40 भरलेली हवा बातलला, म्हणजे साधारण 4 हजार मीटरवर, पहाटे 5 अंशाला बघितली तर गेज परत 40 च्या आसपासच. दोन्ही एकमेकाला खाऊन टाकतात. मी तंबूतून उतरून हाताला मोजे घालून चारी चाकं तपासली, विश्वासच बसेना, परत तपासली. पण दुपारी ऊन आलं, गाडी चालली की मात्र झपाट्यानं वाढते, तेव्हा कुंझुम खिंडीच्या चढाला लागायच्या आधी थोडी सोडायची. आणि खाली परत मैदानात आल्यावर भरायला विसरायचं नाही, वर सोडलेली हवा खाली आणखी कमी भरते.

यावेळी तोच छत्रू-बातल. एकही पंक्चर नाही. तोच नाला आला तेव्हा मी गाडी थांबवली, उतरून पाण्यातून चाललो, बाहेर पडायच्या जागेला टोकदार दगड होते ते हातानं बाजूला केले आणि मग काढली. टायर चांगला आहे म्हणून दगडावर कसाही घालायचा नसतो.

झीज सांगतो. नवीन होते तेव्हा नक्षीची खोली 12 मिमी. पाचही टायर 8 हजारला आणि 16 हजारला फिरवले, स्टेपनीसकट. आज सगळ्यात जास्त झिजलेला 9.2, सगळ्यात कमी 9.8. म्हणजे मिलिमीटरला साडेसात हजार किमीच्या वर. कायद्यानं 1.6 पर्यंत चालतं पण मी 4 ला बदलणार, त्या हिशोबानं 60 हजारच्या आसपास जातील असं वाटतंय. कडांना बारीक टवके उडालेत, ते आपल्या खडीनं. काळ्या दगडाची ताजी खडी टाकून ठेवतात ना घाटात, डांबर पडायच्या आधी, तिच्या धारेसारखं दुसरं काही नाही, स्पीतीतल्या दगडापेक्षा मला आमचा गगनबावड्याचा रस्ता जास्त जड गेला. जांभ्यावर काही होत नाही, तो मऊ. दर रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाचांमधले खडे काढतो, ते तसेच राहिले की हळूहळू आत भोक पाडतात.

जे आवडलं नाही ते पण लिहितो. ॲव्हरेज 12.4 वरून 11.3 वर आलं. 80 च्या वर आवाज आहे, आईला मागच्या सीटवर बोलताना आवाज चढवावा लागतो. आणि पावसात डांबरावर ब्रेक एचटीइतका धरत नाही, हे गंभीरपणे घ्या. पहिल्या पावसात खंबाटकीच्या उतारावर मी पुढच्या गाडीपासून नेहमीएवढंच अंतर ठेवलं होतं, ब्रेक मारला आणि एबीएस धडधडायला लागला, थांबली गाडी पण मनात होतं त्यापेक्षा बरीच पुढं. तेव्हापासून पावसात दुप्पट अंतर.

आणि एक चिरा आहे. मागचा डावा, साईडवॉलवर, दाजीपूरच्या रस्त्याला उखडलेल्या डांबराच्या कडेला घासला तेव्हाचा. पंक्चरवाल्या मामांनी नख घालून बघितलं, म्हणाले दोरा दिसत नाही, वरचंच रबर आहे, फुगा आला तर मात्र लगेच काढ. चिऱ्याच्या दोन्ही टोकांना पिवळ्या खडूनं खूण करून ठेवलीय आणि हजार किमीला एकदा पट्टी लावतो. पहिल्या दिवशी 22 मिमी होता. आज सकाळी परत मोजला, 22.