जर्नलचं डावं पान

जीवशास्त्राच्या जर्नलला दोन बाजू असतात. उजवीकडे रेघी पान, त्यावर साहित्य, कृती, निरीक्षण. डावीकडे कोरं पान, आकृतीसाठी. 1978 साली मी एफ.वाय.बी.एस्सी.ला आले तेव्हा उजव्या पानाची कुणालाच चिंता नव्हती, सीनियरचं जर्नल मिळालं की ते भरत असे. डाव्या पानाचा नियम मात्र कडक. आपल्या स्लाइडमध्ये जे आहे तेवढंच काढायचं. पुस्तकात आहे पण भिंगाखाली नाही, ते काढलं तर सर सही करत नसत. एच.बी. पेन्सिल, शेडिंग नाही, फक्त ठिपके, आणि नावांच्या रेघा एकमेकींना न छेदणाऱ्या.

मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरातली, शाळा मराठी माध्यमाची. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, आणि कॉलेजात आल्यावर व्याख्यानं एकदम इंग्रजीत. पहिली सहामाही आमच्यातल्या कित्येकांना वर्गात अर्धंच कळत होतं. गुजराती शाळांतून आलेल्या मुलींची अवस्थाही तीच. प्रयोगशाळेत मात्र सगळे एका पातळीवर येत. कोऱ्या पानाला भाषा लागत नाही. ज्याची नजर आणि हात स्थिर, त्याची आकृती चांगली. माझा कॉलेजातला धीर तिथे जमला, हे मला या स्मरणिकेत मुद्दाम नोंदवायचं आहे.

सुरुवात सगळीकडे होते तशी कांद्याच्या पापुद्र्याने झाली. सॅफ्रॅनिन या लाल रंगाचा थेंब, ग्लिसरीन, आणि कव्हरस्लिप ही पातळ काच सुईच्या आधाराने तिरकी धरून हळूहळू खाली सोडायची, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडेचे ते गोल नव्या माणसाला पेशीच वाटतात. आधी 10च्या भिंगाखाली शोधायचं, मग 45चं भिंग फिरवायचं. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, 10चा, म्हणजे वस्तू 450 पट मोठी. इथवर सगळं कुठल्याही कॉलेजात होतं तसंच.

मला खरी ओढ लागली ती रियोच्या पानाने. वरून हिरवं, खालून जांभळं असं हे शोभेचं झाड विभागाच्या व्हरांड्यात कुंड्यांतून होतं. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सुटून येतो. पाण्यात ठेवून पाहिला तर षटकोनी पेशी काठोकाठ जांभळ्या रसाने भरलेल्या. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला साखरेचं दाट द्रावण सोडायचं आणि दुसऱ्या कडेला टीपकागद लावून ते आत ओढायचं. डोळा आयपीसवरून हलवायचा नाही. थोड्या वेळात एखाद्या कोपऱ्यातल्या पेशीत जांभळा रंग भिंतीपासून सुटतो, आक्रसतो, आतल्या आत गोळा होतो. भिंत मात्र आपल्या जागी तशीच. मग शेजारची, मग तिच्या पलीकडची. कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर पाणी सुटतं तेच हे, फक्त इथे ते एकेका पेशीत घडताना दिसतं. आणि पुन्हा साधं पाणी सोडलं की बऱ्याच पेशी परत भरतात! मी त्या दिवशी शेवटची घंटा होईपर्यंत तेच पाहत बसले होते.

पुढच्या आठवड्यात हाच प्रयोग मोजून केला. साखरेची कमी-जास्त दाट द्रावणं, प्रत्येकात एक पापुद्रा, आणि दिसणाऱ्या पेशींपैकी किती आक्रसल्या याची नोंद. ज्या द्रावणात साधारण निम्म्या पेशी आक्रसतात, त्याच्या आसपास पेशीरसाची तीव्रता असते. शेजारशेजारच्या टेबलांवर आकडे जुळत नसत. मुली एकमेकींचे पाहून सारखे करायला लागल्या की सर थांबवत. म्हणत, पानं दोन आहेत, मग आकडे एक कसे असतील? मग सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहून त्यांची सरासरी काढली जाई. जिवंत गोष्टींत फरक असणारच आणि तो लपवायचा नसतो, हे मला संख्याशास्त्राच्या पुस्तकाआधी त्या फळ्याने शिकवलं.

कांद्याच्या मुळांच्या टोकांत पेशींचं विभाजन पाहण्याचा प्रयोगही तसाच. टोकं सकाळी कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक ॲसिड यांत घातलेली असत. त्यावर ॲसेटोकार्मिन हा रंग, मग स्पिरिटच्या दिव्यावर जरा ऊब, मग टीपकागदाखाली अंगठ्याने दाब. दिव्यापाशी आमचे प्रयोगशाळेतले काका उभे असत. स्लाइड उकळायला लागली तर सगळं वाया, म्हणून ते प्रत्येकीला सांगत, ‘उतावळ ना करो, बेन.’ पुस्तकात विभाजनाच्या चारही अवस्था ओळीने मांडलेल्या. स्लाइडमध्ये मात्र बहुतेक पेशी नुसत्या केंद्रक घेऊन स्वस्थ बसलेल्या. पेशीचा बहुतेक वेळ दोन विभाजनांच्या मधल्या तयारीत जातो, म्हणूनच तशा पेशी जास्त दिसतात. गणतीवरून वेळेचा अंदाज निघतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. कांद्याची 16 गुणसूत्रं सुटी सुटी मोजता येणं विरळाच. ज्यांना आली नाहीत त्यांनी तसंच लिहिलं, आणि सरांनी सही केली.

विच्छेदनाबद्दल थोडंच लिहिते. झुरळ, गांडूळ, बेडूक, सगळं केलं. मेणाच्या ट्रेमध्ये उघडलेल्या बेडकाचं तीन कप्प्यांचं हृदय धडधडत राहिलेलं पाहिलं. वैष्णव आणि जैन घरांतल्या मैत्रिणींना ते फार जड जाई, आणि त्यांचं चुकत नव्हतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या, ते योग्यच झालं. पहिल्या वर्षाच्या हजारो मुलांसाठी इतके बेडूक मारायची गरज नव्हती. पण त्यासोबत बाकीचं प्रात्यक्षिकही पडद्यावर जाऊ लागलं तर ते मला मान्य नाही. रियोचा पापुद्रा काढताना कुणाचा जीव जात नाही.

शिवाय वडोदऱ्यासारखी प्रयोगशाळा कुठे मिळणार? सयाजीराव महाराजांनी 1879 साली घडवलेल्या कमाटीबागेत सर आम्हाला संग्रहालयात नेत. मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा 70 फुटांहून लांब सांगाडा तिथे आहे. सर त्याच्या वल्ह्यासारख्या परापाशी उभं करून हाडं ओळखायला लावत: दंडाचं एक, पुढे जोडीची दोन, मग मनगट, मग बोटं. आम्ही आपला हात चाचपत उत्तरं देत असू. हिवाळ्यात विश्वामित्री नदीच्या पुलावरून दुपारी मगरी उन्हात पडलेल्या दिसत. बेडकाच्या हृदयाला कप्पे तीन, बहुतेक सरपटणाऱ्यांतही जवनिका, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, अपुरी विभागलेली, पण मगरीला पुरे चार. तक्त्यातली ती ओळ खाली चिखलात पसरलेली पाहिल्यावर पाठ करावी लागली नाही.

मी पुढे पॅथॉलॉजीत काम केलं. पावसाळ्यानंतर रक्ताच्या स्लाइडांचे ढीग येत, निम्म्यांवर मलेरियाची शंका. परजीवी सापडले नाहीत तर अहवालात ‘मलेरिया नाही’ असं लिहायचं नसतं, ‘परजीवी आढळले नाहीत’ एवढंच लिहायचं. एका स्लाइडमध्ये नसलेला उद्याच्या स्लाइडमध्ये असू शकतो आणि डॉक्टरला पुन्हा रक्त मागवायला वाव हवा. नवीन तंत्रज्ञांना हा फरक समजावायला मला वेळ लागे. मला तो समजावून घ्यावा लागला नव्हता, डाव्या पानाने तो आधीच अंगात भिनवला होता.

म्हणून विभागाला एक विनंती. वेळापत्रक आखताना पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाचे तास कापू नका, आणि एका सूक्ष्मदर्शकाभोवती सहा जण उभे राहतील अशा तुकड्या करू नका. आमच्या तुकडीतल्या काही जणी अजून वडोदऱ्यातच आहोत. रियोला सावली आणि थोडं पाणी पुरतं. कुंड्या आम्ही आणून देऊ आणि पापुद्रा काढायला शिकवायला हवं तर येऊही.