दोन मैलांचं अंतर

आठवीत असताना मी पहिली भुताची गोष्ट लिहिली. साल १९८४. 'अमावास्येची काळीकुट्ट रात्र होती. कोल्हे ओरडत होते. एवढ्यात समोर पांढऱ्या साडीतली हडळ उभी राहिली!!!' वही परत आली तेव्हा 'हडळ' या शब्दाभोवती लाल गोल होता. मराठीचे सर म्हणाले, "अरे, पाहुणी तिसऱ्याच ओळीत हजर! आता उरलेली तीन पानं तिला काय चहा पाजणार?" वर्ग खो खो हसला.

मला भयंकर राग आला. भुतांच्या बाबतीत मी स्वतःला जाणकार समजत होतो. आजीकडून मुंजा, गिऱ्हा, चकवा असा सगळा गोतावळा ऐकलेला, वाचनालयातल्या नारायण धारपांचा फडशा पाडलेला. पण वाचताना अंगावर काटा नेमका कुठल्या ओळीला येतो, हे कधी बघितलंच नव्हतं.

पुढच्या ऑफ तासाला सरांनी डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज लेखकाची १९०२ सालची 'माकडाचा पंजा' सांगितली. सुरुवात इतकी साधी, की मागच्या बाकावर फुल्ली-गोळा सुरू झाला. बाहेर पाऊस, आत शेकोटी, बापलेक बुद्धिबळ खेळतायत. हिंदुस्थानात नोकरी करून आलेला एक सार्जंट-मेजर पंजा घेऊन येतो. आपल्याकडच्याच कुणा फकिराने मंतरलेला, तीन इच्छा पुरवणारा. बाप मागतो काय, तर घराच्या कर्जाचे उरलेले दोनशे पौंड. दुसऱ्या दिवशी दोनशे पौंड येतात, नेमके तेवढेच. मुलगा हर्बर्ट कारखान्यात यंत्रात सापडून गेला, त्याची भरपाई म्हणून. फुल्ली-गोळा थांबला.

आठवडाभराने आई हट्टाला पेटते, पोराला परत माग. बाप मागतो. काहीच होत नाही. सरांनी सर्वांत जास्त वेळ काढला तो इथे. घड्याळाची टिकटिक. जिन्याची एक पायरी करकरते. भिंतीत उंदीर खुडबुडतो. मेणबत्ती विझलेली, म्हणून बाप काडी ओढून खाली उतरतो. शेवटच्या पायरीशी काडी विझते. दुसरी ओढायला तो थांबतो, आणि त्याच क्षणी दारावर थाप. जेमतेम ऐकू येईल एवढी. (सरांनी टेबलावर बोटाचं पेर टेकवलं, बस्स.)

आई ओरडते, "मी विसरलेच, ते दोन मैलांवर आहे!" ते म्हणजे कबरस्तान. हा वेळ कशात गेला होता, ते तेव्हा कळतं. आपण टिकटिक ऐकत होतो तेवढ्यात कुणीतरी दोन मैल चालत येत होतं. माझ्या मते अख्ख्या कथेतलं सर्वांत भयानक वाक्य हेच, आणि त्यात भूत नाही, नुसतं अंतर आहे.

वरच्या कडीला आईचा हात पुरत नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज. बाप अंधारात पंजा चाचपडतो आणि तिसरी इच्छा मागतो. थापा थांबतात. दार उघडतं, तर रस्ता रिकामा, समोरचा दिवा मिणमिणतोय.

"आता सांगा, हर्बर्ट कसा दिसत होता?" सरांनी विचारलं. कुणी म्हणालं हात नव्हता, कुणी म्हणालं डोळा लोंबत होता. एका मुलीने तर चालण्याची नक्कलच केली. सर म्हणाले, "बापाने त्याला फक्त कपड्यांवरून ओळखलं, एवढं एकच वाक्य लेखकाने दिलंय. बाकीचं तुम्ही घरून आणलंत."

मी गोष्ट पुन्हा लिहिली. हडळ काढली, कोल्हे काढले, अमावास्याही काढली. आमच्या परसातली विहीर घेतली. रात्री रहाट करकरतो. आई म्हणते वारा असेल. दुसऱ्या रात्री पुन्हा, पण आता मध्ये थांबत थांबत, भरलेला पोहरा वर ओढताना थांबतो तसा. आई काही म्हणत नाही, नुसती मागच्या दाराची कडी लावून येते. सकाळी दोर ओला असतो. संपली गोष्ट.

सरांनी ती वर्गात वाचायला लावली. माझा आवाज चिरकत होता, तरी कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर शेवटच्या बाकावरचा एक जण उभा राहिला.

"सर, पण मग पाणी कोण काढत होतं?"

"खाली बस," सर म्हणाले.