बेरीएसाच्या दरीत चुकलेलं वळण

८ मे २०१७ ला सकाळी नऊच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या लेक बेरीएसाच्या काठाला आयकॉन ए५ नावाचं दोन सीटचं विमान आदळलं आणि आतले दोघंही गेले. चालवत कोण होता, तर कंपनीचाच मुख्य इंजिनियर आणि टेस्ट पायलट, म्हणजे हे विमान ज्यांनी घडवलं त्यांच्यातलाच एक. शेजारी बसलेला कंपनीत नुकताच लागलेला, त्याला विमानाची ओळख करून द्यायला ही फेरी. विमानात काही बिघाड सापडला नाही. मग झालं काय?

एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणाऱ्या बोर्डाने, कारण दिलंय ते एका ओळीत बसतं: कमी उंचीवर उडवताना पायलटने जमिनीपासून अंतर राखलं नाही. चूक नाहीये, पण हे म्हणजे माणूस बुडाला कारण पाणी खोल होतं असं सांगण्यासारखं. खरी गोष्ट त्याच्या पुढे येते, की पायलट चुकून दुसऱ्याच दरीत शिरला आणि ती तिन्ही बाजूंनी उंच चढत जाणाऱ्या डोंगरांनी बंद होती.

बेरीएसा हा धरणाचा जलाशय आहे. डोंगराळ भागात धरण बांधलं की पाणी प्रत्येक घळीत घुसतं, त्यामुळे काठ सरळ नसतो, बोटांसारखे फाटे फुटलेले असतात. इथे शेजारी शेजारी दोन दऱ्या आहेत, बिग पोर्तुगीज कॅनियन आणि लिटल पोर्तुगीज कॅनियन. हे विमान लिटलमधे शिरलं. तपासणाऱ्यांचा अंदाज असा की पायलटला वाटलं आपण दुसऱ्या दरीत आहोत आणि पुढे तलावाचं मोठं मोकळं पाणी लागेल. बोटीतल्या एका माणसाने विमान पाण्यापासून ३० ते ५० फुटांवरून जाताना पाहिलं आणि मग इंजिनचा आवाज एकदम वाढलेला ऐकला. म्हणजे पायलटला कळलं होतं. त्याने थ्रॉटल दिला, डावीकडे वळून परत फिरायचा प्रयत्न केला, जागाच पुरली नाही.

आता जरा गणित करू. समजा असं छोटं विमान ६० नॉट्सने (ताशी साधारण १११ किमी) चाललंय आणि मिनिटाला ६०० फूट चढतंय. ६० नॉट्स म्हणजे मिनिटाला साधारण ६००० फूट पुढे, म्हणजे दहा फूट पुढे गेलं की एक फूट वर. डोंगराची भिंत यापेक्षा कितीतरी उभी असते, त्यामुळे वरून निघून जाणं बादच. राहिलं वळणं. ४५ अंश बँक करून, म्हणजे विमान तेवढं एका बाजूला कलवून, यू टर्न मारला तरी या स्पीडला जवळपास २०० मीटर रुंदी लागते, आणि बँक अजून वाढवली तर रुंदी कमी लागते पण स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, वर चढतो, ६० अंशाला तर तो ४१ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे सरळ उडताना ४५ नॉट्सला स्टॉल होणारं विमान तिथे ६३ च्या पुढेच हवं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

आणि गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की ए५ नवशिक्यांनाही झेपावं म्हणूनच बनवलेलं. स्पिनमधे (गरगरत खाली येण्यात) सहज जाणार नाही असे पंख, अख्ख्या विमानाला झेलणारं पॅराशूट, समोरच मोठा अँगल ऑफ अटॅकचा (हवा पंखाला किती कोनात लागतेय ते दाखवणारा) काटा. यासाठी विमान थोडं जड झालं तर एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, लाइट स्पोर्ट या हलक्या विमानांच्या वर्गाच्या वजनाच्या मर्यादेतून सूटसुद्धा दिली होती. पण ही सगळी सोय विमान हाताबाहेर जाऊ नये म्हणून किंवा गेलं तर वाचावं म्हणून. इथे प्रश्न जागेचा होता, आणि पॅराशूट उघडायलाही खाली उंची लागते.

लोक 'पायलट एरर' म्हणून विषय संपवतात ते मला पटत नाही. हजार फुटांवर असता तर दोन्ही दऱ्या नकाशासारख्या समोर दिसल्या असत्या, कुठली बंद आणि कुठली मोकळी हे लगेच कळलं असतं. पन्नास फुटांवरून सगळे फाटे सारखेच दिसतात आणि वळणामागचं तर दिसतच नाही. म्हणजे खाली उडण्याने चूक व्हायची शक्यता वाढवली आणि चूक निस्तरायची जागाही त्यानेच खाल्ली. डोंगरात उडणारे जुने लोक म्हणूनच सांगतात की दरी आधी वरून बघून घ्या, शिरायचंच तर वरच्या टोकाने शिरून उताराच्या दिशेने या, आणि मधोमध न उडता एका कडेने उडा म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमधे कंपनीने कमी उंचीवर उडण्याबद्दल सूचना काढल्या. त्यानंतर ७ नोव्हेंबरला बेसबॉलचा मोठा पिचर रॉय हॅलडे त्याच मॉडेलचं स्वतःचं नवं विमान घेऊन फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळला. तिथे दरी नव्हती, उघडं पाणी होतं, तो पाण्यालगत जोरदार वर खाली आणि तीव्र वळणं घेत होता, शिवाय रक्तात अँफेटामाइन सापडलं, त्यामुळे दोन्ही अपघात एकाच माळेत ओवणं बरोबर नाही. तरी फोरमवर अजून 'ए५ मधेच काहीतरी गडबड आहे' असं वाचायला मिळतं. दोन्ही रिपोर्टमधे तसं काही नाहीये.