आपल्याआधी पुतळे बसणार

आज रजा टाकून भाच्याला घेऊन अम्युझमेंट पार्कला गेलो होतो. बोरिवलीहून साडेसहाला निघालो, वडापावही गाडीतच. कारण एकच, नवा रोलर कोस्टर. गेटवर पाटी: 'लवकरच येत आहे'. हीच पाटी दिवाळीतही होती! (पार्कचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.)

भाचेराव रुसून बसले. मी पत्र्याच्या फटीतून बघत उभा. पंचवीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढलीत, खोड जात नाही. खांब उभे, चढावाचा रूळ बसलेला, पण मोठ्या उताराचा मधला तुकडाच गायब. पाऊस-वाऱ्यात क्रेनने एवढे जड तुकडे उचलायचे नसतात, ओल्यात वेल्डिंग आणि रंग दोन्ही बिघडतात. म्हणजे आपल्याकडे चार महिने गेलेच. त्यात या गाडीला इंजिन नसतं. साखळी वर ओढून नेते, पुढे सगळं गुरुत्वाकर्षणावर. जोड जरा चुकला तरी पुन्हा उघडा. मग चाचणीसाठी पाणी भरलेले पुतळे बसवून फेऱ्यांवर फेऱ्या, त्यानंतर कुठे माणसं.

हे सगळं भाच्याला समजावलं. तो म्हणाला, "मामा, म्हणजे आपल्याआधी पुतळे बसणार?"

मला गोराईची बोट आठवली. १९८९ला तिथे एस्सेलवर्ल्ड पार्क सुरू झालं, तेव्हा बाबांनी असंच "पुढच्या रविवारी" करत वर्ष काढलं होतं. आम्ही मात्र रुसायचो नाही, फटके पडायचे.

परतताना ट्रॅफिकमध्ये दोन तास. साहेब कणीस खाऊन झोपलेत. उठले की तारीख विचारणार.