चौदावा दिवस एकतीस तारखेला

गोड छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, झाली की द्राक्षबागायतदार तारखा बाजूला ठेवतो आणि दिवस मोजू लागतो. सातव्या दिवशी काय करायचे, चौदाव्या दिवशी काय फवारायचे, हे सगळे छाटणीपासून ठरते. आमचे ॲप हीच मोजणी करते: बागायतदाराने छाटणीची तारीख भरायची आणि पुढच्या प्रत्येक कामाची आठवण त्याच्या मोबाईलवर जायची. नाशिकला गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांतून आम्ही तिघे ते चालवतो.

त्या वर्षी २४ ऑक्टोबरला सकाळी साडेसातला मोहाडीहून एका बागायतदाराचा फोन आला. "भाऊ, माझी छाटणी दहा तारखेची. आज चौदावा दिवस. तुमचं ॲप चौदाव्या दिवसासमोर एकतीस तारीख दाखवतंय. मी वहीप्रमाणे फवारणी उरकली, पण बाकीच्यांचं बघा." डावणी या बुरशीजन्य रोगाच्या दिवसांत फवारणीला आठवडाभर उशीर झाला तर बागेचे काय होते, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मी चहा तसाच ठेवून कार्यालय गाठले.

चूक माझीच होती. तारखांच्या हिशेबासाठी आम्ही जावास्क्रिप्टमधील मोमेंट ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरत होतो. मोमेंटमध्ये एखाद्या तारखेत दिवस मिळवले, की नवी तारीख तयार होत नाही, हातातली मूळ तारीखच पुढे सरकते. म्हणून आधीच्या कोडमध्ये प्रत्येक वेळी तारखेची प्रत काढून मग त्यात दिवस मिळवले जात होते. आदल्या आठवड्यात कोडची साफसफाई करताना ती प्रत काढण्याची, म्हणजे 'क्लोन'ची, पायरी मला फालतू वाटली आणि मी ती उडवली. परिणामी १० ऑक्टोबरमध्ये ७ मिळवून १७ आले ते बरोबर, पण पुढचे १४ छाटणीच्या तारखेऐवजी १७ मध्ये मिळवले जाऊन ३१ ऑक्टोबर आले आणि त्यात २१ मिळवून थेट २१ नोव्हेंबर. पहिली तारीख अचूक होती आणि मी तपासली होती ती तेवढीच.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली, सर्व बागायतदारांना सुधारित वेळापत्रक आणि माफीचा संदेश पाठवायला मात्र दुपार झाली. मग मोमेंट ठेवायची की सोडायची, हा बरेच दिवस टाळलेला प्रश्न समोर आला. २०११ पासूनच्या या लायब्ररीत नवे काही घालणार नाही, असे तिच्या चालकांनीच सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केले होते आणि पर्यायांची नावेही दिली होती. मूळ तारीख बदलण्याची खोड त्यांनाही ठाऊक होती, पण ती काढली असती तर तिच्यावर विसंबलेले असंख्य प्रकल्प मोडले असते.

माझ्या सहकारीची पसंती त्या पर्यायांतल्या डेजेएस या लायब्ररीला होती. आकार जेमतेम २ किलोबाइट, मूळ तारखेला हात न लावणारी, आणि फंक्शनांची नावे बहुतेक मोमेंटचीच. "सर, वरची एक ओळ बदलली की झालं," असे म्हणून तिने ती बदललीही. वेळापत्रक बरोबर आले. मग आम्ही महिन्याच्या अहवालाचे पान उघडले आणि ब्राउझर गोठला. लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला. त्या पानावर एक तारीख रोज एका दिवसाने पुढे नेत महिनाअखेरीपर्यंत जाणारी फेरी होती, आणि ती मोमेंटच्या त्याच खोडीवर उभी होती. डेजेएस प्रत्येक फेरीत नवी तारीख परत देत होती, आमचा कोड ती घेत नव्हता, जुनी तारीख जागची हलत नव्हती आणि फेरी संपत नव्हती. शोधल्यावर अशा आणखी चार ओळी सापडल्या. त्यांतल्या दोन कुठेही न अडकता गुपचूप चुकीचे उत्तर देत होत्या.

डेट-एफएनएस या दुसऱ्या पर्यायाचा अनुभव उलट होता. तिथे नुसती ओळ बदलून भागत नाही. प्रत्येक काम वेगळ्या फंक्शनकडे असल्यामुळे कोड नव्याने लिहावा लागतो. शिवाय तारीख कशी दाखवायची ते सांगताना मोमेंटच्या सवयीने दिवस आणि वर्षासाठी DD, YYYY अशी मोठी इंग्रजी अक्षरे लिहिली, की ती सरळ त्रुटी देऊन थांबते, कारण तिच्या लेखी त्या मोठ्या अक्षरांचा अर्थ वर्षातला कितवा दिवस आणि आठवड्यांच्या हिशेबाचे वर्ष असा होतो. सहकारी वैतागली. मला मात्र हेच हवे होते: जी चूक आहे ती बोंब मारून पुढे यावी. लक्सन ही तिसरी लायब्ररीही पाहिली. परदेशी वेळांच्या हिशेबात ती भक्कम आहे, पण आमचे सगळे बागायतदार एकाच वेळेत राहतात.

एका दुखण्यावर मोमेंट, डेजेएस आणि डेट-एफएनएस यांपैकी कोणाकडेच आपोआप इलाज नव्हता. भारतात १० ऑक्टोबरची मध्यरात्र होते तेव्हा जागतिक वेळेनुसार ९ तारखेचे साडेसहा वाजलेले असतात, संध्याकाळचे. तारीख त्या जागतिक वेळेच्या रूपात सर्व्हरला पाठवून तिची वर्ष-महिना-दिवस अशी पहिली दहा अक्षरेच कापून ठेवली, तर छाटणी एक दिवस आधी झाल्याची नोंद होते. हा चटका आम्हाला पूर्वीच बसला होता, म्हणून छाटणीची तारीख आम्ही साध्या मजकुराच्या रूपातच साठवतो.

डेट-एफएनएसवर जायचे ठरले आणि त्या कामाला पुढचे नऊ दिवस गेले. फोन आला त्याच दिवशी, २४ तारखेच्या संध्याकाळी, मी मोहाडीला फोन करून नवे वेळापत्रक मिळाले का, असे विचारले. "मिळालं," ते म्हणाले, "एकविसावा दिवस एकतीसला दाखवतंय. थांबा, वहीत बघून सांगतो."