पुढच्या संकटाआधी विद्यापीठांनी काय करावं? तुम्ही विचारलंत म्हणून

'मॅडम, कोरोनाचं सगळं आटोपलं, पण विद्यापीठं त्यातून काही शिकली का? उद्या पुन्हा तसंच काही आलं तर काय करणार?' जुने विद्यार्थी भेटले की हे विचारतात. पालकसभेत कुणीतरी विचारतंच. परवा मेट्रोत शेजारी बसलेल्या एका काकांनीही विचारलं. मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात विज्ञान शाखेला शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिकच आहे. उभ्याउभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे नीट लिहून काढते.

आधी २०२० आठवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली आणि त्यानंतर आमच्या क्षेत्रात एकच विषय उरला: अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार की नाही? राज्य सरकारचं म्हणणं होतं, या परिस्थितीत परीक्षा नकोत. विद्यापीठ अनुदान आयोगानं ६ जुलैला सांगितलं, सप्टेंबरअखेर घ्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला निकाल लागला की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, मुदत वाढवून हवी असेल तर राज्यांनी आयोगाकडे मागावी. मग महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या सुमारास बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा झाल्या. पदवीची पत राखायची तर परीक्षा हवी, हे मला पटतं. पण मार्च ते ऑगस्ट या काळात देशभरातली उच्च शिक्षणाची यंत्रणा याच एका गोष्टीत अडकून पडली. आपली मुलं आत्ता कुठे आहेत, त्यांच्याजवळ पुस्तकं आहेत का, घरात कमावतं कोण उरलंय, हे विचारायला कुणाला सवडच झाली नाही.

माझी एक विद्यार्थिनी गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातली. नागपुरात दोघी मैत्रिणींसोबत खोली करून राहायची. टाळेबंदीच्या आदल्या दिवशी मिळेल त्या गाडीनं गावी गेली, ती दोन जोड कपडे घेऊन. पंधरा-वीस दिवसांत परत येऊ असंच सगळ्यांना वाटत होतं. वह्या-पुस्तकं नागपूरच्या खोलीत कुलपात राहिली. मी फोन करायची तेव्हा कधी भाऊ उचलायचा, कारण मोबाइल त्याचा, आणि तो कामावर गेला की मोबाइलही जायचा. ती म्हणाली, 'मॅडम, घरात रेंज नाही राहत. वावरात धुऱ्यावर गेलं तर येते.' (धुरा म्हणजे शेताचा बांध.) परीक्षा आली तेव्हा हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती. भाऊ त्या दिवशी कामाला गेला नाही. ही धुऱ्यावर बसली, उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून ओढणी डोक्यावरून मोबाइलपर्यंत ओढून घेतली आणि तशीच आत वाकून तिनं पेपर सोडवला. आई पलीकडच्या बांधीत धान कापत होती. पोरगी पास झाली, पुढे शिकलीही.

तिच्या जिद्दीचं कौतुक सगळे करतात, मीही करते. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त सलते. तिच्या गावापासून काही किलोमीटरवर एक महाविद्यालय आहे, त्याच विद्यापीठाशी संलग्न, तोच अभ्यासक्रम. तिला हवी असलेली पुस्तकं तिथल्या ग्रंथालयात कपाटात होती. ती तिथली सभासद नव्हती, एवढ्या एका कारणानं तिला ती मिळाली नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा पसारा चार जिल्ह्यांत आहे: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठात गेले. या चार जिल्ह्यांत तालुक्याच्या ठिकाणी, कुठे त्याहूनही आत, शेकडो संलग्न महाविद्यालयं आहेत. इमारत आहे, वीज आहे, शिकलेली माणसं आहेत, गावकऱ्यांशी ओळख आहे. अशी ताकद फार थोड्या संस्थांकडे असते. पण आपण तिचा उपयोग प्रवेश, परीक्षा केंद्र आणि मूल्यांकन यापुरताच करत आलो. संकटानंतर विद्यापीठ बदलायचं असेल तर पहिली सुरुवात इथून व्हायला हवी: विद्यापीठाचा कुठलाही विद्यार्थी कुठल्याही संलग्न महाविद्यालयाचं ग्रंथालय, संगणक कक्ष आणि जमल्यास प्रयोगशाळा वापरू शकेल, फक्त ओळखपत्र दाखवून. याला मोठा निधी लागत नाही. एक नियम लागतो आणि ग्रंथपालांना थोडा विश्वास द्यावा लागतो.

पुढाकार घेण्याचं म्हणाल, तर लांब कुठे बघायची गरज नाही. वर्धा रोडवरच्या नीरीचंच, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचंच, उदाहरण घ्या. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नागपूरची काय अवस्था होती, ते इथल्या माणसाला सांगायला नको. खाटा नाहीत, प्राणवायू नाही, तपासणीच्या रांगा संपत नाहीत. त्या मे महिन्यात नीरीच्या विषाणूशास्त्र विभागानं मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून करायची आरटी-पीसीआर तपासणी पुढे आणली आणि आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या शिखर संस्थेनं तिला मान्यता दिली. नाका-घशात काडी घालायची नाही. एका नळीत सलाईनचं पाणी असतं, ते तोंडात घेऊन १५ सेकंद गुळणी करायची आणि परत त्याच नळीत सोडायचं. प्रयोगशाळेत त्यात नीरीनं तयार केलेलं एक द्रावण घालून ते तापवलं की विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय अंश, मिळतो, महागडं किट लागत नाही. निकाल साधारण तीन तासांत. नमुना माणूस स्वतःच देऊ शकतो, म्हणून खेड्यापाड्यांत हे करणं सोपं. हे सगळं दोन महिन्यांत कुणाला सुचलं असं समजू नका. ही संस्था १९५८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था होतं. पाणीपुरवठा, सांडपाणी आणि त्यातून पसरणारे रोग हेच तिचं काम. नीरी हे नाव १९७४ मधलं. पाण्यातले जंतू, सांडपाण्यातले विषाणू यांवर साठ वर्षं काम झालं होतं, म्हणून वेळ आली तेव्हा हात रिकामे नव्हते. पीएचडीचा विषय निवडताना माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. आपल्या भागाच्या दुखण्यावर केलेलं संशोधन वाया जात नाही.

दुसरं उदाहरण सेवाग्रामचं, आणि ते मला त्याहूनही जवळचं वाटतं. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत एमबीबीएसची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्या वर्षी मुलं त्या गावात पंधरा दिवस मुक्काम करतात. प्रत्येकाला काही घरं वाटून दिलेली असतात. त्या घरांत कोण आजारी, कोण गरोदर, पाणी कुठून येतं, शौचालय आहे का, याची नोंद तो विद्यार्थी ठेवतो आणि पुढेही त्या कुटुंबांकडे जात राहतो. विचार करा, हेच आपल्या वाणिज्य, समाजशास्त्र, सांख्यिकी, गृहअर्थशास्त्र विभागांनी केलं असतं, तर २०२० मध्ये रेशन कुणाला पोचलं नाही, कुठल्या मुलीची शाळा सुटली, हे कळायला सर्वेक्षणाची वाट पाहावी लागली नसती.

संकटाच्या काळात नवं काही उभारणं नागपूरला परकं नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा तडाखा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला फार जबर बसला होता. त्यानंतर पाच वर्षांनी, १९२३ मध्ये, नागपूर विद्यापीठ उभं राहिलं, सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले. त्याआधी इथली महाविद्यालयं आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. दुसरं महायुद्ध सुरू असताना, १९४२ मध्ये, कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एलआयटी) सुरू झालं. पैसा एका दात्याचा होता, पण युद्धाच्या धामधुमीत तंत्रशिक्षण सुरू करण्याची हिंमत विद्यापीठानं दाखवली होती.

आता ज्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही ती मुलं. २०२०-२१ मध्ये ज्यांनी शिक्षण सोडलं, त्यातले बरेच परत आले नाहीत. मुलींची लग्नं उरकली, मुलं पुण्याला कंपनीत लागली किंवा डिलिव्हरीच्या कामाला. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक (क्रेडिट) बँक आली आहे. मध्येच शिक्षण सुटलं तरी मिळवलेले श्रेयांक जमा राहतात आणि पुढे वापरता येतात. योजना चांगलीच आहे. पण ती २०२१-२२ पासूनच्या श्रेयांकांना लागू आहे, म्हणजे ज्यांचं शिक्षण कोरोनाच्या पहिल्या फटक्यात सुटलं तेच बाहेर राहिले. या मुलांसाठी विद्यापीठांनी आपल्या अधिकारात वेगळी वाट काढायला हवी: जुने सत्र ग्राह्य धरायचे, राहिलेले विषय नव्या अभ्यासक्रमाशी जुळवून द्यायचे, वयाची आणि शिक्षणात पडलेल्या खंडाची अट लावायची नाही. आणि हे परिपत्रक संकेतस्थळावर टाकून थांबायचं नाही. महाविद्यालयांकडे त्या वर्षांच्या प्रवेशाच्या याद्या आहेत, त्यात फोन नंबर आहेत. एकेकाला फोन करायचा.

फोन करणार कोण, हा पुढचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत कळकळीनं मांडायचा आहे. आज कितीतरी विभाग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात. जितके तास तितके पैसे, उन्हाळ्यात काही नाही. टाळेबंदीत त्यांचे हाल काय झाले ते मी जवळून पाहिलंय. तरी त्यांनी शिकवलं. माझा एक सहकारी स्वयंपाकघराच्या भिंतीला थर्माकोलची शीट लावून त्यावर मार्करनं समीकरणं लिहायचा, बायको मोबाइल धरून उभी राहायची. मराठीतून समजावलेले त्याचे व्हिडिओ मुलं अजून शोधतात. त्या काळात अशा हजारो तासिका मराठीत तयार झाल्या, आणि त्या ज्याच्या त्याच्या फोनमध्ये पडून आहेत. विद्यापीठानं त्या गोळा कराव्यात, तपासून घ्याव्यात, करणाऱ्याचं नाव आणि मानधन देऊन सगळ्यांसाठी खुल्या कराव्यात. रिक्त जागा भरल्याशिवाय मात्र यातलं काहीच टिकणार नाही. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे ठाऊक नाही, त्याच्याकडून दहा वर्षांच्या बदलाची अपेक्षा कशी करायची?

आणि पुढचं संकट साथीचंच असेल असं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, मोरभवनचं बसस्थानक पाण्यात गेलं. नव्या धोरणात क्षेत्र प्रकल्प आणि समाजकार्याला श्रेयांक आहेत. बहुतेक ठिकाणी त्याची वीस पानांची फाईल होते आणि कपाटात जाते. आमच्या विभागात आता आम्ही हे श्रेयांक नाग नदीकाठच्या वस्त्यांसाठी वापरायचं ठरवलंय. मुलं टेप घेऊन घरोघर जातात, पाणी कुठल्या वेळी आलं, भिंतीवर किती उंचीपर्यंत चढलं, कुठल्या नाल्यातून उलटं आलं, घरात म्हातारं माणूस किंवा अपंग कुणी आहे का, हे लिहून घेतात आणि नकाशावर मांडतात. पूर्ण झालं की एक प्रत महापालिकेच्या झोन कार्यालयाला आणि एक त्या वस्तीला द्यायची आहे. शंकरनगर, सीताबर्डी, नंदनवन, कुठल्याही भागातलं महाविद्यालय हे करू शकतं. तुमच्या जवळच्या महाविद्यालयाला करायचं असेल तर आमची प्रश्नावली आणि नोंदीचा तक्ता मी आनंदानं देईन.