एका रात्रीत मेसिएची यादी: १०७ सापडले, ३ निसटले

मार्चअखेरच्या अमावस्येला मेसिए मॅरेथॉनसाठी, म्हणजे फ्रेंच खगोलज्ञ शार्ल मेसिए यांच्या यादीतल्या ११० दीर्घिका, तारकागुच्छ, तेजोमेघ एका रात्रीत पाहण्यासाठी, गेलेल्या आमच्या गटाच्या वहीत उजाडेपर्यंत १०७ नोंदी झाल्या. राहिले एम७४, एम३३ आणि एम११० (एम म्हणजे मेसिए, आकडा म्हणजे यादीतला क्रमांक). तिन्ही संध्याकाळी मावळतीला टेकलेल्या दीर्घिका आहेत. त्या निसटल्या त्याचं कारण दुर्बीण नव्हे, तारीख. म्हणून आधी तारखेबद्दल.

मेसिएच्या १७८१ च्या यादीत १०३ नोंदी होत्या, पुढे भर पडून त्या ११० झाल्या. मार्चमध्ये सूर्य आकाशाच्या ज्या भागात असतो तिथे यातलं जवळजवळ काहीच नाही, म्हणूनच सगळी यादी एका रात्रीत बसू शकते. तारे रोज सुमारे ४ मिनिटं लवकर मावळतात, म्हणजे पंधरवड्यात एक तास. महिन्याच्या पूर्वार्धात गेलात तर संध्याकाळच्या दीर्घिका आरामात मिळतात, पण पहाटेचा एम३० हा तारकागुच्छ संधिप्रकाशात बुडतो. महिनाअखेरीस नेमकं उलटं. उत्तर गोलार्धात जितके विषुववृत्ताकडे असाल तितका एम३० लवकर उगवतो आणि एम३१ ही देवयानी दीर्घिका लवकर मावळते, त्यामुळे तिथल्यांनी मार्चच्या मध्याजवळची अमावस्या धरावी. आम्ही तसं केलं नाही आणि तिन्ही दीर्घिका तिथेच गेल्या.

साधन ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, नाभीय अंतर १२०० मिमी. २५ मिमीच्या आयपीसने (डोळ्याकडच्या भिंगाने) ४८ पट वर्धन आणि सुमारे १ अंशाचं दृष्टिक्षेत्र मिळतं. रात्रीचं जवळपास सगळं काम याच एका आयपीसवर होतं. सोबत १० बाय ५० ची द्विनेत्री असावी. कृत्तिका, एम४४, एम४१, एम६, एम७ यांच्यासाठी दुर्बीण फिरवण्यात वेळ घालवू नये.

जागेवर सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पोहोचावं. आरशाला हवेच्या तापमानाला यायला तासभर लागतो, कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं, उजेडातच उरकतं, आणि पश्चिमेला व आग्नेयेला झाडं किंवा टेकडी किती वर येते ते डोळ्यांनी पाहता येतं. क्षितिजापासून ५ अंशांचा अडथळाही या मॅरेथॉनमध्ये भारी पडतो.

सुरुवात एम७७ पासून. तिमिंगल तारकासमूहातल्या डेल्टा ताऱ्याच्या पूर्वेला, जरा दक्षिणेकडे, एका अंशाच्या आत ती आहे आणि गाभा उजळ असल्याने संधिप्रकाशातही दिसते. एम७४ मात्र फिकट, पसरट. मीनेतल्या ईटाच्या पूर्वेला सव्वा अंशावर असूनही पूर्ण अंधार झाल्याशिवाय हाती लागत नाही. एम३१ आणि एम३२ पटकन मिळतात, एम११० साठी पुन्हा अंधारच लागतो. या टप्प्यात एकेका दीर्घिकेला ३ मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. शर्मिष्ठेतला एम५२ आमच्याकडे खूप खाली होता. तो पहाटेसाठी ठेवला आणि ईशान्येला सहज मिळाला.

मृग, मिथुन, सारथी, सिंह हा भाग निवांत होतो. खरी कसोटी मध्यरात्रीच्या सुमारास, कन्या आणि अरुंधती केशाच्या सीमेवर. इथे लोक हरवतात ते दीर्घिका दिसत नाहीत म्हणून नव्हे, दिसलेली कोणती हे कळत नाही म्हणून. न्यूटनियनमध्ये, म्हणजे आमच्यासारख्या आरशाच्या दुर्बिणीत, दृश्य उलटं असतं, त्यात नकाशा फिरवत बसलं की घोळ वाढतो. यावर आम्हाला सर्वांत खात्रीचा वाटलेला उपाय म्हणजे हात न लावणं. मोटर नसलेल्या दुर्बिणीत आकाश आपोआप पश्चिमेला सरकतं, तेव्हा घड्याळ लावून बसा.

सिंहेतला उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतला विंडेमियाट्रिक्स या ताऱ्यांच्या बरोबर मध्यावर एम८४ आणि एम८६ एकाच क्षेत्रात दिसतात. तिथून आग्नेयेला सव्वा अंशावर एम८७. ती मध्यावर आणून दुर्बीण सोडून द्या: पावणेपाच-पाच मिनिटांत एम८९ आपणहून मध्याजवळ येते. तिच्या उत्तरेला पाऊण अंशाच्या आत एम९०, आणि आग्नेयेला एका अंशाच्या आत एम५८. एम५८ मध्यावर धरून पुन्हा थांबा. सव्वाचार मिनिटांनी एम५९ आणि सहा मिनिटांनी एम६०. वेळ जुळली तर ओळख पक्की, नाही जुळली तर एम८७ पासून पुन्हा सुरू करा. अंदाजाने पुढे गेलात तर सगळ्या नोंदी बाद समजा. एम९१ आणि एम९८ फिकट आहेत. त्यांच्यासाठी तिरकी नजर वापरावी, म्हणजे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावं.

दव पडतं ते याच वेळी. आधी फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि आयपीस धुरकटतात, मग दुय्यम आरसा. नळीच्या तोंडाला काळ्या फोमचं, व्यासाच्या दीडपट लांबीचं आवरण गुंडाळलं की बराच वेळ निभावतं. आरसा पुसायचा नाही, ओरखडे पडतात. लाल दिवा मंदच हवा. भगभगीत लाल दिव्यानेही डोळ्यांचा अंधाराचा सराव मोडतो आणि तो परत यायला अर्धा तास जातो.

वृश्चिक आणि धनू उगवण्याआधी तासभर झोप काढावी. शेवटचा क्रम एम५५, एम७५, एम१५, एम२, एम७२, एम७३, एम३०. एम७३ म्हणजे फक्त चार ताऱ्यांचा पुंजका, तेव्हा तिथे धूसर ठिपका शोधू नका. एम३० साठी मकरेतला झीटा धरून पूर्वेला ३ अंशांहून थोडं पुढे, किंचित दक्षिणेला जावं. शेजारीच अर्ध्या अंशाच्या आत ४१ मकर हा पाचव्या प्रतीचा तारा दिसतो. आकाश उजळू लागलं तर १० मिमीचा आयपीस लावा. १२० पटीवर पार्श्वभूमी काळवंडते आणि गुच्छाचा घट्ट गाभा उठून दिसतो.

ओली दुर्बीण झाकण लावून बंद करू नये. घरी आल्यावर नळी आडवी, तोंड उघडं ठेवून आरसा आपोआप वाळू द्यावा, मगच झाकावी.